काचेच्या झाकणाची कोहिबा

कोहिबा सिगार काचेच्या झाकणाच्या पेटीत घालून कोणी दाखवली, तर पुढचं काही ऐकूच नका. क्यूबात 1966 पासून बनणाऱ्या या ब्रँडची पेटी काचेच्या किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या झाकणाची कधीच निघत नाही. आमचे 22 हजार याच काचेतून गेले.

निमित्त दाजींच्या साठीचं. दाजींची सगळी हयात निपाणीत तंबाखूच्या वखारीत गेली. हवानाची सिगार एकदा तरी ओढायची, ही त्यांची जुनी हौस. आम्ही मेहुण्यांनी वर्गणी काढली. ओळखीच्या ओळखीतून बेळगावात एक इसम भेटला. भाचा म्हणे जहाजावर आहे, थेट हवानाहून आणतो, ड्यूटी फ्रीचा माल गोव्यात उतरतो आणि चोर्ला घाटातून इकडं येतो. 25 रोबुस्टोंची, म्हणजे आखूड-जाड मापाच्या सिगारींची, पेटी 22 हजाराला. अस्सल कोहिबाची एकेक सिगार परदेशी दुकानातसुद्धा काही हजारांना जाते. पण 'ड्यूटी फ्री' हा शब्द आपल्याकडं कुठल्याही स्वस्ताईचं कारण म्हणून खपतो. खरं तर परदेशातून येणाऱ्या माणसाला कस्टममधून ड्यूटी न घेता 25 सिगारच सोडतात, म्हणजे एकच पेटी. या गृहस्थाच्या डिकीत पेट्यांची चळत होती.

त्याची खरी चलाखी पुढं आहे. त्यानं आधी एक सुटी सिगार फुकट हातात ठेवली. "ओढून बघा, मग बोला." पारखायला दाजींसारखा माणूस सोबत होता, आणि त्याला तेच हवं होतं. दाजींनी ती दोन बोटांत टोकापासून टोकापर्यंत दाबत नेली. कुठं गाठ नाही, कुठं पोकळ नाही. न पेटवता एक झुरका ओढून बघितला, हवा मोकळी येत होती. मग आगपेटीच्या काडीवर फिरवत फिरवत पेटवली. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडातच घोळवायचा, आणि मिनिटाला एखादाच झुरका, नाहीतर सिगार तापून कडू होते. राख करडी-पांढरी, चांगली बोटाच्या पेराएवढी होऊनही पडेना. सुरुवातीला भाजल्या लाकडाची चव, मध्यावर कोको, शेवटाला मिरीसारखा झणका. पाऊण तास निवांत चालली. दाजी म्हणाले, "पान झकास मुरलंय. घ्या."

त्या सिगारीवर कागदी पट्टी नव्हती. "वाटेत निघाली," म्हणाला. डॉमिनिकन रिपब्लिक, निकाराग्वा, होंडुरास इथंही उत्तम सिगारी होतात. ती त्यातली कुठलीही असेल. तिचा पेटीतल्या मालाशी काही संबंध नव्हता. तंबाखूतल्या जाणत्याला चवीच्या परीक्षेत गुंतवायचं आणि पेटीकडं बघूच द्यायचं नाही, असा हा धंदा आहे.

साठीच्या दिवशी पेटी फोडली. पहिली ओढलीच जाईना, गाल बसले. दुसरी एका अंगानं सरसर जळत गेली नि दुसरं अंग तसंच हिरमुसलेलं. राखेचे पापुद्रे थेट दाजींच्या नव्या सदऱ्यावर. जिभेवर नुसता कडवटपणा आणि नाकात अमोनियाचा भपकारा, म्हणजे पान ढिगात नीट मुरलेलंच नाही. दाजींनी पानाच्या टपरीवरून ब्लेड मागवलं आणि एक उभी चिरली. हातानं वळलेल्या अस्सल हवानात आतली पानं सलग असतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत घड्या घालून ठेवलेली. ह्यात आत होता भुगा, त्यात शिरांच्या काड्या, वर एकच बरं पान गुंडाळलेलं. दाजी थोडा वेळ काड्या निवडत बसले, मग म्हणाले, "काय गा हे! बिडीच्या जर्द्यात एवढ्या काड्या निघाल्या असत्या तर गिऱ्हाईकानं पोतं परत केलं असतं."

मग पेटी हातात घेतली. कोहिबाच्या पट्टीवरचे पांढरे चौकोनी ठिपके सरळ रांगेत हवेत. इथं कडेची रांग अर्धी कापलेली, आणि सोनेरी अक्षरं बोटाला उठावदार लागतच नव्हती. पेटीच्या तळाला 'हाबानोस एस. ए.' हे क्यूबन सिगारी विकणाऱ्या कंपनीचं नाव आणि 'एचो एन कूबा', म्हणजे 'क्यूबात बनवलेलं', हे डाग देऊन लाकडात उमटवलेलं असतं, इथं साधी शाई. रोबुस्टोची लांबी 124 मिलिमीटर आणि जाडी 20 मिलिमीटरला किंचित कमी. फूटपट्टी लावली तर शेजारशेजारच्या दोन सारख्या निघेनात. डाव्या बाजूचा हिरवा सरकारी हमीचा शिक्का बघायला छान होता, पण त्याच्या बारकोडचा आकडा हाबानोसच्या संकेतस्थळावर टाकला, तर नोंदच नाही. खानापूरच्या एका मित्रानं याच माणसाकडून पेटी घेतली होती. तिचा फोटो मागवला. आकडा तोच, एका अंकाचाही फरक नाही.

आपल्या कायद्यानं आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि तंबाखू असेल तर 85 टक्के जागेवर चित्रासह इशारा छापावा लागतो. आमच्या पेटीवर यातलं काहीच नव्हतं. 'इशाऱ्याचं चित्र नाही म्हणजे ओरिजिनल' असं तो ठासून सांगत होता, आणि आमच्यातले दोघं माना डोलावत होते.

फोन लावला तर आधी 'बघतो', मग 'तुम्ही ओलाव्यात नीट ठेवली नाही', मग नंबर बंद. पैसे यूपीआयनं गेलेले, खातं तिसऱ्याच राज्यातल्या कुणाचं तरी. आमच्या भागाला हद्दीचा वाद नवा नाही, पण पोलीस ठाण्यात 'हे आमच्या हद्दीत बसत नाही' ऐकताना दाजी हसलेच. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला राज्याची हद्द नाही, तिथं तक्रार नोंदली गेली. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर रक्कम रोखता येते. आम्ही साठी उरकून कळवलं, तोवर खातं रिकामं. बिल नसल्यानं ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे 1915 ला, सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर भागात कुणी अशी पेटी घेतली असेल, तर त्यांनी ती फेकून देऊ नये. शिक्क्याचा आकडा, पैसे पाठवल्याची पावती आणि चॅट जपून ठेवून 1930 ला कळवावं. एकाच खात्यावर तक्रारी वाढल्या तर निदान ते खातं तरी गोठेल.