तुती लावण्याआधी: चीनचं रेशीम आणि आपलं रेशीम

पारोळ्याकडच्या माझ्या चुलतभावाने कपाशीचं दोन एकर रान तुतीखाली आणायचं मनात घेतलंय. रेशीम-अळ्यांच्या शेडला हात घालण्याआधी त्याचा एकच प्रश्न होता, तोही अहिराणीत: "चीनना माल उना म्हणजे आपला भाव गया ना रे भो?"

बारा-पंधरा वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मी बिनदिक्कत 'हो' म्हणालो असतो. आता हिशोब करून सांगावं लागतं.

देशात रेशीम किती उपलब्ध आहे हे काढायची रीत सोपी आहे. पिकलं ते, अधिक बाहेरून आलं ते, वजा बाहेर गेलं ते. उत्पादनात चीन पहिला, आपण दुसरे. पण चीनचं बरंचसं रेशीम सूत होऊन, कापड होऊन परदेशी जातं. आपल्याकडे उलट आहे. पिकलेलं लग्नसराईत घरातच जिरतं आणि वर आणखी मागवावं लागतं. म्हणून चीनचा आकडा बघताना 'बाहेर गेलं' हे महत्त्वाचं, आपला बघताना 'बाहेरून आलं' हे.

२०१०-११ मध्ये भारतात २०,४१० टन कच्चं रेशीम झालं आणि ५,८२० टन आयात झालं. शंभर किलोतले बावीस किलो परके, आणि ते बहुतेक चीनचे. त्यातच २०११ च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क ३० टक्क्यांवरून थेट ५ टक्क्यांवर आलं. कर्नाटकात रेशीमकोषांचे भाव घसरले, शेतकरी रस्त्यावर उतरले. चुलतभावाच्या मनातली भीती तिथली आहे आणि ती खोटी नाही.

पुढे शुल्क वाढलं, उत्पादनही वाढलं. २०१९-२० मध्ये ३५,८२० टन उत्पादन आणि ३,३१५ टन आयात, म्हणजे शंभरात आठ-नऊ किलो. पुढच्या वर्षी आयात १,८०४ टनांवर आली, पण ते टाळेबंदीचं वर्ष, त्यावर फार विसंबू नये. शिवाय आपल्या उत्पादनात टसर, एरी आणि मुगा ही तुतीशिवाय दुसऱ्या झाडांच्या पाल्यावरची रेशमंही धरलेली असतात. फक्त तुतीचं रेशीम मोजलं तर आयातीचा वाटा थोडा वाढतो, दिशा मात्र तीच राहते.

चीनकडे बघा. २०१५ मध्ये १ लाख ७० हजार टन, २०२० मध्ये ५३ हजारांच्या आसपास. मधे २०१८ ते २०१९ या एकाच वर्षात १ लाख २० हजारांवरून ६८,६०० टन. एवढी पडझड नुसत्या शेतात होत नाही, मोजायची पद्धतही बदलली असावी असा मला संशय आहे. तरीही उतार खरा. जिआंगसू, झेजियांग हे जुने रेशीमपट्टे कारखान्यांनी भरले, मजुरी चढली. सरकारने २००६ पासून तुती पश्चिमेकडे न्यायचा कार्यक्रम घेतला आणि दक्षिणेतला ग्वांगशी प्रांत कोषांत सगळ्यांच्या पुढे गेला. जपानचं तर याहून पुढे गेलं. १९३० च्या दशकात जगाला रेशीम पुरवणारा तो देश, आज तिथे नावापुरतं उरलंय. दिवसातून दोन-तीनदा अळ्यांना पाला टाकायला माणूस लागतो. गावात माणूस राहिला नाही की रेशीमही राहत नाही.

मग चीन संपला का? नाही. स्वयंचलित यंत्रांवर काढलेला त्यांचा धागा एकसारखा येतो, आणि ताण्याला, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्याला, विणकर तोच मागतो. आपल्याकडे दक्षिणेत पूर्वीपासून संकरित पिवळा कोष जास्त. महाराष्ट्रात मात्र पांढरा बायव्होल्टाइन (वर्षाला दोन पिढ्या होणाऱ्या जातीचा) कोष होतो आणि त्याचाच धागा चिनी धाग्याच्या जागी बसू शकतो. देशात या जातीचं रेशीम २०१३-१४ मधल्या २,५५९ टनांवरून २०१९-२० मध्ये ७,००९ टनांवर गेलं. म्हणजे चुलतभावाचा कोष चीनच्या मालाशी थेट भिडणार. चिनी माल कमी आला तर सगळ्यात आधी फायदा त्याला, शुल्क उतरलं तर सगळ्यात आधी फटकाही त्यालाच. २०२१ च्या अर्थसंकल्पात हे शुल्क १० वरून १५ टक्के झालं. चढतं तसं ते उतरतंही, आणि दिल्लीत तेवढ्याला एक ओळ पुरते.

कोष विकायला आता कर्नाटकातला रामनगरचा बाजारच गाठावा लागत नाही. जालन्याला २०१८ पासून कोष बाजार आहे.

माझ्या मते त्याला चीनपेक्षा जास्त घोर दोन गोष्टींचा हवा. एक, आपला उन्हाळा. अळीला २४ ते २८ अंश आणि ७०-८० टक्के दमटपणा लागतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. एप्रिल-मेची बॅच घेऊच नये, तेवढ्या काळाचं उत्पन्न हिशोबातून वगळावं. दुसरी, शेजारची कपाशी. तिच्यावरचं औषध वाऱ्याने तुतीवर आलं आणि तो पाला शेडमध्ये गेला तर अख्खी बॅच जाते. यावल-रावेरकडे केळीला लागून तुती असेल तर हा धोका कमी, पारोळ्यात तसं नाही.

दोन एकर एकदम नको, यंदा एकच एकर लाव, असं मी त्याला सांगितलं. ठिबक आहेच. चॉकी केलेल्या, म्हणजे लहानपणी दुसरीकडे वाढवून दिलेल्या अळ्या आणायच्या, अंड्यांपासून सुरुवात करायची नाही. त्याने मान डोलावली, पण चीनचं त्याच्या डोक्यातून गेलं असं वाटलं नाही. संध्याकाळी तो बांधापलीकडच्या कपाशीवाल्याकडे गेला होता, फवारणी कोणत्या दिवशी करतोस ते विचारायला.