गोबर गॅसची कल्चर पावडर: अडीच स्टार

आमचा प्लांट दीनबंधू, जमिनीखालचा डोम, आणि आम्ही निफाडकडचे, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत गॅसचं काय होतं ते विचारू नका, निम्म्या भाकरी झाल्या की शेगडी मिणमिणायला लागते. म्हणून ऑनलाइन ही पावडर मागवली. कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळ्यांची पाकिटं सारखीच, वर मोठ्या अक्षरात 'गॅस दुप्पट'.

दुप्पट वगैरे काही नाही हो. पण अगदीच फसवणूक असंही म्हणणार नाही. आत बॅसिलस जातीचे बॅक्टेरिया आहेत, ते शेणातला चोथा, काडीकचरा फोडतात. टाकीत नुसतं शेण जात होतं तेव्हा वरचा कडक थर कमी झाला आणि ज्योत जरा जास्त वेळ टिकली, हे खरं.

पण ज्यांच्या टाकीत खरकटं, शिळा भात जातो त्यांनी सांभाळून! भाताचं आम्ल झटपट होतं आणि त्या आम्लापासून शेवटी मिथेन, म्हणजे पेटणारा गॅस, करणारे जे जंतू असतात ते मुळात संथ, त्यांना पीएच (आम्लाचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) ७ च्या आसपास लागतो. तो साडेसहाच्या खाली गेला की ते थंडावतात, मग गॅस निघतो पण पेटत नाही कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त. अशा टाकीत आणखी फोडणारे बॅक्टेरिया घालून काय उपयोग? कस्टमर केअरचा दादा मात्र म्हणे 'डोस डबल करा सर'. मिथेनवाल्यांना हवा अजिबात चालत नाही, त्यामुळे ते पावडरीतून जिवंत येतील यावर माझा तरी भरवसा नाही.

त्यापेक्षा खरकटं बंद करायचं, थोडी चुन्याची निवळी आणि कुणाच्या तरी चांगल्या चालू प्लांटमधली दोन-चार बादल्या ताजी स्लरी (टाकीतलं पातळ शेण) टाकायची, त्यात सगळी फौज जिवंत येते आणि तीही फुकट. गाईला अँटिबायोटिक चालू असेल तर तिचं शेण तेवढे दिवस बाजूला, गोठ्यातलं फिनेलचं पाणी तर टाकीत नकोच. आणि थंडीवर पावडरीकडे औषध नाही, ३५ डिग्रीच्या आसपास हे जंतू जोरात असतात, म्हणून शेणाचा काला कोमट पाण्यात कालवा आणि डोमवर पाचट टाका.

पाकिटाला झिप नाही, दमट हवेत पावडरीचे गोळे होतात. डिलिव्हरी वेळेत आली, त्याचा अर्धा स्टार.