टेलिग्राम बॉट एपीआय: लांबलेल्या कामाची खबर देताना

बाबा त्यांच्या व्याख्यानांची रेकॉर्डिंग्ज माझ्या टेलिग्राम बॉटला (चॅटमध्ये आपोआप उत्तर देणाऱ्या प्रोग्रामला) पाठवतात आणि बॉट त्यांचा मजकूर करून देतो. ४० मिनिटांच्या फाइलला माझ्या मशीनवर सहा-सात मिनिटं लागतात. पहिल्या आवृत्तीत बॉट तेवढा वेळ गप्प असायचा. पोचली नसेल असं वाटून बाबांनी तीच फाइल तीनदा पाठवली, तिन्ही कामं एकदम सुरू झाली आणि सगळीच रखडली. काम झाल्याचं सांगायचं मी लिहिलं होतं, हाती घेतल्याचं सांगायचं राहून गेलं होतं. त्यानंतर बॉट एपीआयची, म्हणजे प्रोग्रामने टेलिग्रामला आज्ञा देण्याच्या सोयीची, ही एकच बाजू मी नीट वापरून पाहिली.

सगळ्यात सोपी सोय म्हणजे 'सेंडचॅटअ‍ॅक्शन'. बॉट टाइप करतोय किंवा फाइल पाठवतोय असं वर दिसतं. पण हे जास्तीत जास्त ५ सेकंद टिकतं, म्हणून मी दर ४ सेकंदांनी पुन्हा पाठवत होतो. दहा-पंधरा सेकंदांच्या कामाला ते उत्तम. सात मिनिटं नुसतं 'टायपिंग' बघणाऱ्याला मात्र बॉट अडकलाय असंच वाटतं.

खरा उपयोग 'एडिटमेसेजटेक्स्ट'चा. एक मेसेज पाठवायचा, त्याचा आयडी जपायचा आणि तोच बदलत राहायचा. चॅटमध्ये गर्दी होत नाही. मी आधी टक्के दाखवत होतो. '३०%' वाचून बाबांना काहीच कळेना. आता '४० पैकी १२ मिनिटं ऐकून झाली' असं येतं, आणि त्यांचा फोन येणं थांबलं. दर टक्क्याला एडिट मात्र करू नका. एका चॅटमध्ये सेकंदाला एकापेक्षा जास्त मेसेज टाळावेत असं टेलिग्रामच सांगतं. मर्यादा ओलांडली की ४२९ एरर येते आणि किती सेकंद थांबायचं ते 'रिट्राय आफ्टर'मध्ये मिळतं. मजकूर तोच असेल तर 'मेसेज बदललेला नाही' अशी एरर येते. मी १० सेकंदांचं अंतर ठेवलंय आणि आधीच्या मजकुराशी ताडून मगच पाठवतो.

'रद्द करा' बटण लावलं तेव्हा पहिल्याच एडिटला ते गायब झालं. एडिट करताना कीबोर्ड (मेसेजखालची बटणं) दर वेळी सोबत पाठवावा लागतो, हे समजायला माझी एक संध्याकाळ गेली. बटण दाबल्यावर 'आन्सरकॉलबॅकक्वेरी' पाठवायलाही विसरू नका, नाहीतर बटणावरचं चक्र फिरतच राहतं.

पायथॉन-टेलिग्राम-बॉट ही बॉट लिहायची लायब्ररी वापरणाऱ्यांनी हे आवर्जून बघावं: आवृत्ती २० पासून ती असिंकआयओवर (अनेक कामं आळीपाळीने चालवायच्या पायथॉनच्या पद्धतीवर) चालते. जड काम थेट हँडलरमध्ये (मेसेज आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) टाकलं तर इव्हेंट लूप, म्हणजे कामांना पाळी देणारं चक्र, अडतो आणि प्रगतीचे मेसेज वेळेवर जातच नाहीत. माझे सगळे शेवटी एका झटक्यात आले होते. काम वेगळ्या थ्रेडमध्ये (समांतर चालणाऱ्या धाग्यात) हलवलं, तिथून 'रन कोरुटीन थ्रेडसेफ'ने एडिट पाठवले, मग सुरळीत झालं. वेबहुक (टेलिग्रामने नवे मेसेज थेट आपल्या सर्व्हरला पाठवायची पद्धत) वापरत असाल तर आधी २०० (म्हणजे 'मिळालं') हे उत्तर देऊन टाका आणि काम मागून करा. यशस्वी उत्तर मिळालं नाही तर टेलिग्राम तोच अपडेट (मेसेज आल्याची किंवा बटण दाबल्याची खबर) पुन्हा पाठवतं. दुबार आलेला अपडेट 'अपडेट आयडी'वरून ओळखता येतो.

टेलिग्रामच्या नेहमीच्या सर्व्हरवरून बॉटला २० एमबीपेक्षा मोठी फाइल उतरवून घेता येत नाही. आकार मेसेजसोबतच कळतो, त्यामुळे नकार पहिल्याच सेकंदाला द्यावा.

सगळ्यात उशिरा लक्षात आलेली गोष्ट अशी की एडिट झालेल्या मेसेजचं नोटिफिकेशन येत नाही. '४० पैकी ४० मिनिटं झाली' असं लिहून बॉट मोकळा व्हायचा आणि बाबांना पत्ताच नसायचा. आता मधले टप्पे एडिटमध्ये असतात आणि तयार मजकूर नवीन मेसेजमधून जातो. बाबा फाइल पाठवून फोन बाजूला ठेवतात आणि तो वाजला की येऊन वाचतात.