व्हिक्टरी की त्रिंकोमाली?

पुतणी शिकायला इंग्लंडला चालली आहे. गिरगावातून निघताना तिनं विचारलं, "काका, एकच जुनं शिडाचं जहाज बघायला वेळ मिळाला, तर कुठलं बघू?"

नाव व्हिक्टरीचं मोठं. १७६५ साली पाण्यात उतरलेलं, १८०५ च्या ट्रॅफल्गरच्या समुद्री लढाईत ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन याचं जहाज. त्रिंकोमाली मात्र आपल्या मुंबईची. जमशेदजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली इथल्या गोदीत बांधली गेली आणि १८१७ साली पाण्यात उतरली. तिचे पहिले आराखडे १८१२ साली जावा जहाजाबरोबर बुडाले, म्हणून दुसरे मागवावे लागले!

खरा फरक लाकडाचा. व्हिक्टरी मुख्यतः ओकची. ओकमधल्या आम्लानं लोखंडी खिळे गंजतात, लाकडाला भुंगेरे लागतात. १९२२ पासून ती कोरड्या गोदीत उभी आहे आणि तिची दुरुस्ती सतत चालूच असते. त्रिंकोमाली मलबारी सागाची. सागातलं तेल खिळ्यालाही जपतं आणि किडीलाही दूर ठेवतं. आमच्या चाळीच्या सागवानी जिन्याचा कठडा आजही हाताला तुळतुळीत लागतो, तेच हे लाकूड. म्हणूनच ती अजून पाण्यावर तरंगते.

जाण्यायेण्याचं म्हणशील, तर व्हिक्टरी आहे ते पोर्ट्समथ लंडनहून जवळ, त्रिंकोमाली आहे ते हार्टलपूल बरंच लांब उत्तरेला.

लढाईचा इतिहास हवा असेल, हाताशी एकच दिवस असेल, तर व्हिक्टरी. मुंबईच्या सुतारांचं काम डोळ्यांनी बघायचं असेल, तर एक रात्र मुक्काम कर, पण त्रिंकोमालीच बघ.