प्रभुभोजनाचं गीत: भजनी चाल की चार आवाजांची?

चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, लोक रांगेने वेदीकडे निघतात तेव्हा हातात पुस्तक नसतं. म्हणून तिथे भजनी चालच बरी. आठ मात्रांचा ठेका, दोन ओळींचं ध्रुपद, पट्टी काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी हा सा); चाल मध्य सप्तकातच राहू द्या, म्हणजे म्हाताऱ्यांचाही गळा पोचतो. रांग लांबली तर ध्रुपद पुन्हा घ्या, संपली की थांबा. धोका एकच, लय चढते. टाळ दोनच ठेवा, लय तबल्याकडे सोपवा.

सोप्रानो, आल्टो (बायकांचा उंच आणि खालचा आवाज), टेनर, बास (पुरुषांचा उंच आणि खालचा) ही चौपदरी रचना फार सुंदर, पण कडवं मध्येच तोडता येत नाही. शिवाय इंग्रजी चालीवर 'प्रभू'तला दीर्घ 'भू' आखूड सुरावर पडला की शब्द लंगडतो. ही चौपदरी रचना भाकर मोडण्याआधी, मंडळी बसलेली असताना गा.