वैद्यकीय गैरसमजांवरची दोन पुस्तके: मांडणी कोणती निवडावी?

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाला या विषयावरचे एकच पुस्तक घेणे परवडणार होते आणि समोर दोन होती, म्हणून दोन्ही घरी आणून वाचली. मजकूर जवळपास सारखाच आहे, फरक मांडणीचा.

पहिल्यात प्रत्येक गैरसमज लाल चौकटीत, ठळक अक्षरांत दिलेला आहे आणि खंडन त्याखाली बारीक टायपात. हवी ती शंका चटकन सापडते. शिक्षकांना किंवा अंगणवाडी सेविकेला पाच मिनिटांत उत्तर हवे असेल, तर हीच मांडणी सोयीची.

दुसरे पुस्तक गैरसमज का टिकतात, त्या कारणांनुसार प्रकरणे पाडते. आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारांच्या प्रकरणात सर्दीवरची प्रतिजैविके आणि कावीळ उतरवणे शेजारी शेजारी येतात. हाताला आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळे होते, मग कावीळ असो वा नसो. आणि 'ए' प्रकारची कावीळ बहुधा काही आठवड्यांत शरीरच परतवते, त्यामुळे श्रेय उतरवणाऱ्याला जाते. हे एकदा उमगले की सर्दीच्या गोळीचे निराळे समजावून सांगावे लागत नाही. तिखटाने जठरात व्रण होतात ही समजूत पहिल्यात तीन ओळींत आटोपते. दुसऱ्यात मात्र ताण आणि आम्ल यांनाच दोष देणारे डॉक्टरही कसे चुकत होते, व्रणांचे मूळ जिवाणूंत आहे हे दाखवण्यासाठी ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जिवाणूंचे मिश्रण स्वतः पिऊन जठराचा दाह कसा ओढवून घेतला आणि २००५ मध्ये त्यांना सहकारी रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल कसे मिळाले, हे सगळे येते. आपल्यालाच कोणी अडाणी ठरवत आहे असे मग वाचकाला वाटत नाही.

तरीही माझा कौल ठरला तो काकीमुळे. शस्त्रक्रियेनंतर ती आमच्याकडे होती आणि पहिले पुस्तक तिच्या उशाशी पडलेले असे. दोन दिवसांनी तिने सकाळची पेज परत पाठवली. 'भात खाल्ल्याने टाके चिघळतात' ही चौकट तिने चष्म्याशिवाय वाचली होती. जखमेत पू होतो तो जंतुसंसर्गाने, हे खालचे वाक्य वाचलेच नव्हते. मी समजावू लागलो, तर म्हणाली, "अरे, पुस्तकात छापून आलंय की!" पुनःपुन्हा कानावर पडलेले विधान खरे वाटू लागते, असे १९७७ पासूनच्या प्रयोगांत आढळले आहे, ठळक टाइपही कदाचित तेच काम करत असावा. एका काकीवरून नियम काढू नये, हे मलाही कळते. पण दुसऱ्या पुस्तकातला तोच परिच्छेद 'टाके भरून येताना नेहमीचा भात खायला हरकत नाही' असा सुरू होतो, आणि गैरसमजाचा उल्लेख नंतर येतो.

वाचनालयासाठी मी दुसरेच सुचवले. त्याला विषयसूची नाही, ही उणीव खरी. म्हणून मागच्या कोऱ्या पानावर विषय आणि पृष्ठांक पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत. पहिल्या ओळीत भात आहे.