‘पिल्लाला पुरेल’ म्हणत गळ्यात मारलेला पिंजरा

पुण्यातल्या एका पक्षीविक्रेत्याने आमच्या एकाच पक्ष्यासाठी आम्हाला दोन पिंजरे विकले, आणि दोन्ही कुचकामी निघाले. दुकानाचं नाव लिहीत नाही. ‘पिल्लाला पुरेल’ ही भाषा नंतर इतर दुकानांतही ऐकली, त्यामुळे एकट्या त्याला बोल लावून काही उपयोग नाही.

पक्षी कॉकाटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट. (आपला देशी हिरवा पोपट पाळणं किंवा विकणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तो कुणी ‘बिनधास्त न्या’ म्हणून दाखवला तर त्या दुकानात पिंजऱ्याची चौकशीसुद्धा करू नका.) कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियातला, पण इथे बाजारात मिळतात ते पिंजऱ्यातच पैदास झालेले असतात. आम्ही घेतलं ते हाताने भरवलेलं, नुकतंच स्वतः दाणे टिपायला लागलेलं पिल्लू होतं.

मी मोठ्या पिंजऱ्याकडे बोट दाखवलं तर विक्रेता म्हणाला, “ताई, पिल्लू आहे हो अजून. एवढ्या मोठ्यात घाबरतं, कोपऱ्यात बसून राहतं, खात नाही. आता हा बेबी पिंजरा न्या. मोठं झालं की हा मी परत घेतो, निम्मे पैसे त्यात वळते करतो.” पिंजरा फूट बाय फूट, उंची दीड फूट. बोलण्यात इतकी माया होती की जास्त पैसे मागणारा हा माणूस नाही असंच वाटावं. खरी मेख इथेच आहे. तो त्या दिवशी कमी पैसे घेतो, कारण दुसरा पिंजरा विकायची सोय त्याने करून ठेवलेली असते.

कुत्र्याचं पिल्लू वर्षभर वाढताना आपण पाहिलेलं असतं, म्हणून पोपटाचंही तसंच असेल हे सहज पटतं. तसं ते नसतं. कॉकाटीलचं पिल्लू साधारण पाच आठवड्यांचं होऊन घरट्याबाहेर पडतं, तेव्हाच त्याचं वजन जवळपास मोठ्या पक्ष्याएवढं झालेलं असतं. विकायला येतं तेव्हा ते आठ-दहा आठवड्यांचं असतं. म्हणजे आपण घरी आणतो तो पुऱ्या मापाचाच पक्षी, डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे एक फूट. त्यानंतर पिसं बदलतात, रंग खुलतो, अंग फारसं वाढत नाही. उलट ते उडायला शिकायचं, धडपडायचं वय असतं. कोवळ्या पक्ष्याला जागा कमी लागते हे सपशेल खोटं आहे.

फूटभर पक्षी फूटभर पिंजऱ्यात वळला की शेपटी जाळीला घासणारच. आमच्याकडे शेपटीची पिसं आधी विस्कटली, मग मोडली. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी नुसती शेपटी बघून विचारलं, “पिंजरा केवढा आहे?”

पुन्हा त्याच दुकानात जाण्याचं कारण म्हणजे ते निम्मे पैसे. तर तो म्हणाला, “वापरलेला माल परत घ्यायची पॉलिसी नाही आपली. पावती आहे का?” पावती त्याने दिलीच नव्हती, व्हिजिटिंग कार्डामागे आकडा लिहून दिला होता. यूपीआयने गेलेले पैसेही भलत्याच नावाच्या खात्यात. ‘तुमच्यासाठी’ म्हणून मग त्याने ‘तीस इंची’ पिंजरा थोडी सूट देऊन दिला.

घरी टेप लावली तर तीस इंच म्हणजे चाकांपासून घुमटाच्या टोकापर्यंतची उंची. आतली रुंदी सोळा इंचही भरेना. उभे मनोऱ्यासारखे पिंजरे दुकानात भव्य दिसतात, पण पक्षी उडतो आडवा, लिफ्टसारखा वर-खाली नाही. रुंदी आधी मोजायची, तीही आतून, आणि उंची तळाच्या ट्रेपासून छताच्या जाळीपर्यंत. शिवाय या पिंजऱ्याच्या सळ्यांमध्ये इंचाची फट होती. ते मोठ्या पोपटांचं माप झालं. कॉकाटीलला अर्धा ते पाऊण इंच ठीक, त्याहून मोठ्या फटीत डोकं अडकून जीव जाऊ शकतो. म्हणजे ‘मोठा घ्या’ एवढ्यावरही भागत नाही.

तिसरी गोष्ट रंगाची. ‘पावडर कोटिंग’ म्हणून सांगितलेला रंग नखाने निघत होता आणि खाली जस्ताचा मुलामा दिलेली तार होती. पोपटवर्गातले पक्षी दिवसभर जाळी कुरतडतात. ते जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. पक्षी मलूल पडतो, उलटी करतो, तोल जातो. उपचार आहेत, पण महागडे, आणि प्रत्येक वेळी वेळेत कळतं असं नाही. आमचा पक्षी रंग सोलायला लागल्याचं दिसताच आम्ही त्याला बाहेर काढला.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, हे दुकानदारांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट त्या विक्रेत्याला पाठवल्यावर दुसऱ्या पिंजऱ्याचे पैसे आले. पहिल्याचे नाहीत, का तर म्हणे ‘तो तुम्ही पसंत केला होता’. पाळीव प्राण्यांच्या दुकानांना २०१८ च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र मागितलं की बऱ्याच जणांचा सूर बदलतो. आणि हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात प्राणी कोंडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, कलम ११ खाली, गुन्हा आहे. तो बेबी पिंजरा विकणारा सुटतो आणि घरात ठेवणारे आपण त्यात सापडतो, हे मला सर्वांत जास्त झोंबलं.

सध्याचा पिंजरा आतून तीस इंच रुंद, अठरा खोल, चोवीस उंच आहे. आत पेरूच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या आहेत. दुकानातली सँडपेपर गुंडाळलेली दांडी काढून टाकली, तिने तळवे सोलतात.

आमच्या ओळखीतल्या एकांना त्याच दुकानदाराने सन कोन्युअर या पिवळ्या-केशरी परदेशी पोपटाचं पिल्लू याच ‘बेबी पिंजऱ्या’सकट दाखवलं. कोन्युअरची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करणं २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. त्याबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही, विचारल्यावर म्हणाला, “ते नंतर बघू.”